सभागृह उभं राहतं तेव्हा

"उठले! सन्माननीय सदस्य उठले!" मी दुकानातून ओरडलो.

टीव्हीत अध्यक्ष आले. तिकडे मुंबईत सगळे आमदार उभे राहिले आणि इकडे भरे फाट्यावर माझ्या दुकानाच्या बाकड्यावरून धाकलू उभा राहिला. टोपी सारखी केली, हात जोडले. अध्यक्ष खुर्चीत टेकेपर्यंत गडी तसाच.

"माझा बाप घरी आला तवा ह्यानं बूड न्हाई हालवलं," त्याची बायको बाळाबाई बाकीच्या बायांना सांगत होती. "आन टीव्हीतल्या मान्साला उठतोय. आरं, त्याला दिसतंय व्हय तू उठल्यालं?"

"दिसू न्हाईतर न दिसू. रीत हाय ती."

"बसा! खाली बसा! नोंदलं जाणार नाही!" मी अध्यक्षांचा आवाज काढला. असा हुबेहूब की एक म्हातारा खरंच खाली बसला. सगळी ताडपत्री हसली.

ताडपत्री म्हणजे दुकानापुढं बांधलेली. त्या दिवशी अख्खी भोकरवाडी तिच्याखाली येऊन बसली होती. भोकरवाडी आमच्या डोंगरात वर आहे. मूठभर घरं, शेळ्या, करवंदाच्या जाळ्या. माणसं खाली कारखान्यांत नाहीतर लोकांच्या शेतावर रोजानं जातात. वर टीव्ही कुणाकडं नाही, मोबाईलला रेंज नाही. आणि त्या दिवशी विधानसभेत भोकरवाडीचं नाव निघणार होतं. लक्षवेधी सूचना लागली होती. आमदारांच्या माणसानं, दयानंदनं, तसा धाकलूला फोन केलेला. मग काय, धाकलूनं रोज बुडवून सगळी वाडी खाली आणली.

माझं दुकान दुरुस्तीचं. टीव्ही, डिश, मिक्सर, गणपती मंडळांचे स्पीकर. पण खरं सांगायचं तर दुरुस्तीपेक्षा टवाळकी जास्त. सरपंचाचा आवाज काढून मी एकदा अर्धं गाव हारतुरे घेऊन फाट्यावर उभं केलं होतं, मंत्री येणार म्हणून. शेवटी एसटी आली. कंडक्टरला हार पडला. बिचारा रडायलाच लागला, म्हणाला निवृत्तीलाही कुणी घालणार नाही. तर असे आमचे उद्योग. सगळ्या पंचक्रोशीला माहीत की शैलेश सांगतोय म्हणजे आधी पाठ चाचपून बघायची, कागद चिकटवला नाही ना.

धाकलू रात्रपाळीचा वॉचमन. अधिवेशन असलं की सकाळी सुटला की थेट माझ्या बाकड्यावर. लोक क्रिकेट लाव म्हणायचे, तो म्हणायचा, "शैलेशराव, सभागृह लावा." कारण असं की, फार वर्षांपूर्वी वाडीच्या ओढ्यावर साकव नव्हता, आणि कुणीतरी तो प्रश्न सभागृहात विचारला. धाकलूनं तो टीव्हीवर ऐकला. स्वतःच्या वाडीचं नाव, मंत्र्याच्या तोंडून! पुढच्या उन्हाळ्यात साकव झाला. तेव्हापासून हा माणूस कामातून गेला.

"तितं खोटं बोलता येत न्हाई," तो सगळ्यांना सांगायचा. "खोटं बोललं की हक्कभंग व्हतो. पार मंत्री असला तरी."

वाडीत भांडण झालं तरी धाकलूच निवाडा करायचा. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं हात वर करायचा. बाळाबाईनं मध्ये तोंड घातलं की म्हणायचा, "कामकाजात अडथळा नको."

या खेपेचा प्रश्न डोंगराचा होता. वाडीच्या खालच्या अंगाला कुणा बिल्डरनं बंगल्यांच्या प्लॉटसाठी डोंगर उभा कापला होता, केक कापावा तसा. पावसाळा लागला आणि वरच्या बाजूला भेग पडली. आधी विळा मावेना एवढी. मग त्यात एका शेळीचा पाय अडकला.

"आता अख्खी शेळी जाईल," बाळाबाई म्हणाली. "आन शैलेशभावजी, घराचं दार लागत न्हाई बघा. चौकट वाकडी झालीया. कडी ह्या तोंडाला, कोयंडा त्या तोंडाला. दगूड लावून झोपतो."

"मंत्र्याला विचारू की, दार का लागत नाही," मी म्हटलं.

"इचाराच. म्हनावं, तुमच्या घरचं लागतंय का?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पाऊस मात्र हसायच्या मूडमध्ये नव्हता. तीन-चार दिवस सूर्य म्हणून दिसला नव्हता. डोंगर ढगात गुडूप. वाडीची कुत्री पहाटेच खाली आली होती, न बोलावता, आणि दुकानाच्या पत्र्याखाली अंग चोरून बसली होती. एकही भुंकत नव्हतं. मी एकाला बिस्कीट टाकलं. त्यानं बघितलंसुद्धा नाही.

सभागृहात गोंधळ सुरू होता. घोषणा, फलक, तहकूब. पुन्हा सुरू, पुन्हा तहकूब. दर वेळी धाकलू उठायचा, बसायचा. दुपार टळत आली तेव्हा अखेर आमदार उभे राहिले आणि म्हणाले, "मुळशी तालुक्यातील भोकरवाडी..."

 एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. नुसतं नाव निघालं म्हणून!

मंत्री उठले. चष्मा लावला. वाचून दाखवलं की सदर डोंगराची पाहणी करण्यात आली आहे, भेग वरवरची आहे, धोका नाही, नागरिकांनी घाबरून जाऊ नये. मग चष्मा काढला. पुढची लक्षवेधी.

झालं. आमच्याकडं चहा ओतायला याहून जास्त वेळ लागतो.

वाडीनं टाळ्या वाजवल्या. मी धाकलूला विचारलं, "पाहणीला कोण आलतं रे?"

"आलं आसंल की."

"तू बघितलंस?"

"मी दिवसा हितं खालीच आसतो."

"बाळाबाई, तुम्ही?"

"हितनं वर कुत्रं जात न्हाई, सायेब कशाला जातोय?" ती म्हणाली. पण मग नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि हात झटकले. "आता मंत्री म्हनतोय न्हाई तर न्हाई. मी जाते म्होरं. शेळ्या बांधल्यात सकाळपास्नं. तू ह्या सगळ्यांला घिऊन ये सावकास, तुजं सभागृह उठलं की."

डोक्यावर इरलं घेतलं आणि गेली. वळणावरून मला ओरडून म्हणाली, "भावजी, तुमीबी या एकदा वर. दार नीट करून द्या!"

"टीव्हीचं दार असतं तर आलो असतो!" मी ओरडलो.

बाकीची वाडी चहाला थांबली. मी मागं ओढ्यावर चहाचं भांडं विसळायला गेलो, आणि तसाच उभा राहिलो.

पाऊस कोसळत होता आणि ओढा आटत होता.

सकाळी काठ सोडून वाहत होता तो. आता मधले गोटे उघडे पडत होते. बघता बघता. माझी आजी वरच्या खोऱ्यातली. ती म्हणायची, भर पावसात ओढा मुका झाला की वर डोंगरानं तोंड धरलेलं असतं. पाणी कुठंतरी अडतंय, मागं साठतंय. लहानपणी आम्ही त्यावर हसायचो. 

मी धावत आलो. "कुणी वर जाऊ नका! ओढा आटलाय!"

सगळे माझ्याकडं बघून हसले.

"शैलेशराव, ह्या पावसात?" एक जण म्हणाला. "काय तरी पटंल आसं तरी सांगा."

"आईशप्पथ सांगतो!"

"मागल्या शिमग्याला बिबट्याची बी आईशप्पथच घेतलेली." पल्लवी म्हणाली. ती लवळ्याला कॉलेजच्या कँटीनमध्ये कामाला जाते, हुशार पोर. "आम्ही सगळे रात्रभर पत्रे बडवत बसलो होतो, काका."

"अगं, येऊन बघा तरी ओढा!"

"बघायला वाकलो की ढकलणार," ती म्हणाली आणि पुन्हा हशा पिकला. माणसं उठायला लागली. पिशव्या, छत्र्या, इरली. धाकलू टीव्हीपुढंच होता. मी त्याचा दंड धरला. तो म्हणाला, "सभागृहात उत्तर आलंय, शैलेशराव. आता कशाला भ्या घालताय?"

माझ्या शब्दाला किंमत नव्हती. ज्याच्या शब्दाला होती, तो मुंबईत खुर्चीवर बसला होता. आणि त्याचा आवाज माझ्या घशात होता.

दुकानात एका गणपती मंडळाचा स्पीकर दुरुस्तीला आलेला, त्याच्यावरच टीव्हीचा आवाज लावला होता. बिनवायरचा माईकही त्यांचाच. मी टीव्हीवरचं चित्र थांबवलं. पावसात नेट अडकतंच, कुणाला काय त्याचं. आणि पार्टिशनच्या मागं जाऊन माईक तोंडाशी धरला.



"बसा! खाली बसा! सन्माननीय मंत्री महोदयांनी भोकरवाडीबाबतच्या उत्तरात तातडीची दुरुस्ती केली आहे. डोंगर धोकादायक आहे. भोकरवाडीच्या ग्रामस्थांनी आज डोंगर चढू नये. सर्वांनी भरे येथील शाळेत थांबावं. असे माझे निर्देश आहेत!"

बाहेर उचललेल्या पिशव्या खाली टेकल्या. पत्र्यावरचा पाऊस तेवढा.

मी फटीतून बघितलं. सगळी वाडी धाकलूकडं बघत होती. सभागृहातलं काय खरं, काय नाही, ते तोच सांगणार. धाकलू टीव्हीतल्या थिजलेल्या चित्राकडं बघत होता. मग त्यानं सावकाश मान वळवली आणि नेमकं पार्टिशनकडं बघितलं. माझ्याकडं. पार्टिशनखालून माईकचा लाल दिवा फरशीवर पडला होता.

तो म्हणू शकला असता, ह्यो शैलेशचा चावटपणा हाय. सगळे हसले असते, मला दोन शिव्या घालून वर गेले असते. पण दिव्यावरून त्याची नजर माझ्या पायांवर गेली. ओढ्यातून आलेले पाय. ओढ्याच्या तळाचा गाळ घोट्यापर्यंत चिकटलेला, पाणी वाहत असतं तर तो धुऊन गेला असता.

तो उभा राहिला. टोपी सारखी केली.

"ऐकलं न्हवं?" वाडीला म्हणाला. "सभागृहात सांगितलंय. साळंत चला समदी. कुनीबी वर जायाचं न्हाई."

"पर आत्ताच तर म्हनला..." कुणीतरी सुरू केलं.

"दुरुस्ती झालीया. तितं खोटं बोलत न्हाईत."

हे म्हणताना त्याचा आवाज फाटला. पण माणसं वळली. पल्लवीनं म्हातारीचा हात धरला. रांग शाळेकडं चालू लागली. धाकलू पार्टिशनपाशी आला आणि हळूच म्हणाला, "माईक बंद करा, शैलेशराव. गाडी काडा. ती वर गेलीया."

मोटारसायकल साकवापर्यंत जाते. पुढं पायवाट. साकवाखाली पाण्याचा थेंब नव्हता, मासे तडफडत होते. धाकलू गाडीवरून उडी मारून पळाला. "बाळे! ए बाळे!" मी मागून. ढगात काही दिसत नव्हतं. वरून कुठूनतरी शेळीचा आवाज आला. मग बाळाबाईचा आला, असं धाकलू म्हणतो. मला ऐकू आला नाही.

मला दुसराच आवाज आला. डंपरनं खडी ओतावी तसा. फक्त तो थांबेचना. पायाखालची वाट दूध उतू जाताना पातेलं हलतं तशी हलली. मी धाकलूच्या कमरेला मिठी मारली आणि दोघं मागं करवंदीच्या जाळीत पडलो. आमच्या पुढ्यातून झाडं गेली, उभीच्या उभी, मिरवणुकीसारखी.

मग ढग थोडा उचलला. जिथं वाडी होती तिथं लाल माती होती. ओली, नवी, एखादं घर नुकतंच सारवावं तशी.

वाडी वाचली. म्हणजे माणसं. शाळेत सगळी होती, एक सोडून.

मशिनं आली, माणसं आली, मोबाईल घेऊन तर लई आली. काही दिवस माती उपसली. पाऊस वाढला तशी मशिनं परत गेली. वर धोका आहे म्हणाले. आता सांगितलं. बाळाबाईची एक शेळी मात्र आपली आपण खाली आली, गळ्यात तुटकी दोरी. बाळाबाई सापडली नाही.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी धाकलू दुकानात आला. मागं ती शेळी. शेळी बाकड्याच्या पायाला बांधली.

"सभागृह लावा, शैलेशराव."

"कशाला रे आता?"

"निवेदन हाय. दयानंद म्हनला. तिचं नाव निगालं की मशीन परत यील. साकवाच्या येळंला कसं झालं?"

मी लावलं. अध्यक्ष आले. धाकलू उठला, टोपी सारखी केली, हात जोडले. मी आवाज काढला नाही. त्या दिवसापासून तो घशातून येतच नाही.

मंत्री उठले. चष्मा लावला. भोकरवाडीतील सर्व कुटुंबांना प्रशासनाने वेळीच दक्षता घेऊन सुरक्षित स्थळी हलवले होते, त्यामुळे कोणतीही जीवितहानी झालेली नाही. बाकं वाजली. दोन्ही बाजूंची. मंत्र्यांनी चष्मा काढला.

धाकलू टीव्हीकडं बघत राहिला. पुढं काहीतरी असेल म्हणून. पुढं दुसरा विषय होता. मग तिसरा. मी बंद करायला गेलो तर त्यानं हातानंच थांबवलं. अधिवेशन संपल्याची घोषणा होईपर्यंत त्यानं सगळं ऐकलं.

शेवटी अध्यक्ष खुर्चीवरून उठले. सगळं सभागृह उभं राहिलं. मी काउंटरमागं उभा होतो. शेळी उभी होती.

धाकलू बसून राहिला.