पहिला नंबर उदाजीरावांचा

फ्रँकफर्टमध्ये मी नऊ वर्षं लोकांची थुंकी ओढणारी नळी धरली. हे मी कुणाला सांगत नाही. देवासमध्ये माझी ख्याती ‘जर्मनीची डॉक्टर’ अशी आहे आणि ती माझ्या आत्यानं, म्हणजे अक्कानं, हळदीकुंकवांना जाऊन जाऊन कमावलेली आहे. खरी गोष्ट अशी की इंदूरची बीडीएस तिथे चालत नाही. आधी भाषेची परीक्षा द्या, मग दातांची पुन्हा द्या. भाषेची दिली. दातांच्या परीक्षेपर्यंत पोचायच्या आत लग्न मोडलं आणि अभ्यास त्याच्याबरोबर गेला. मी असिस्टंटच राहिले. माझ्याहून दहा वर्षांनी लहान डॉक्टर दात काढायचा आणि मला म्हणायचा, नळी छान धरलीस हं. मी ‘डांके’ म्हणून आभार मानायचे.

मग एक दिवस पुरे झालं आणि परत आले. सयाजी गेटजवळ गाळा घेतला, कौन्सिलची नोंदणी नव्यानं केली, निळी खुर्ची बसवली. बाहेर बोर्ड लावला आणि त्याखाली लिहिलं, ‘कृपया समय लेकर ही आएँ.’ देवासची माणसं वेळ काढून घेतात ती फक्त लग्नाच्या मुहूर्ताची, आणि तोही चुकवतात. पाच आठवड्यांत एक बाई आल्या. त्यांना शेजारचं ब्लाउजचं दुकान हवं होतं.

सोमवारी फ्रँकफर्टहून मेल आली. माझी जुनी जागा रिकामी झाली होती, माझा तिथे राहण्याचा परवाना अजून संपला नव्हता आणि शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. मी अक्काला वाचून दाखवली. तिनं ताटातली शेव पोह्यांवर पसरली आणि विचारलं, “तुझं काय मन आहे?”

“पेशंट नाही आले तर जाईन. इथे बसून खुर्ची पुसायला मी काय मोलकरीण आहे?”

हे अर्धंच खरं होतं. पेशंट येत नाहीत याचा मला संताप होता आणि येतील याची भीती. नऊ वर्षांत मी माझ्या हातानं एकही दात काढला नव्हता. हे मात्र मी अक्काला सांगितलं नाही.

“अगं, रिकाम्या दवाखान्यात कोण शिरेल?” अक्का म्हणाली. “लोक आधी चपला मोजतात. पंधरा जोड दिसले की डॉक्टर हुशार. तू वेळ देऊन एकेकाला बोलावणार, मग चपला कुठून दिसणार? काढ तो बोर्ड. बुधवारी मी गर्दी आणते.”

“कुठून?”

“मंडळातून. आपली माणसं कशाला आहेत?”

बुधवारी सकाळी अकराला मराठी मंडळाच्या भजनी ताफ्यातल्या सहा बायका आल्या, दोन थर्मास आणि कचोऱ्यांचा पुडा घेऊन. दातांच्या दवाखान्यात कचोऱ्या. अक्कानं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या फाडून नंबर वाटले. पहिला नंबर अर्थातच त्यांच्याबरोबर आलेल्या उदाजीरावांना. उदाजीराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले, पण वागणूक अशी की संस्थान विलीन झाल्याची बातमी अजून त्यांच्यापर्यंत आलेली नाही. त्यांच्या घराण्याला दरबारात पहिल्या विड्याचा मान होता. तेव्हापासून त्या घरात कुणी कशालाही दुसरं गेलेलं नाही. मंडळाच्या गणपतीची आरती ते उभे राहिल्याशिवाय सुरू होत नाही, मग प्रसादाचे मोदक गार झाले तरी चालतील.

गर्दी झकास दिसत होती. आतमध्ये मी हातमोजे घालून उगाच हत्यारं इकडून तिकडे ठेवत होते.

साडेअकराला खरा पेशंट आला.

गालाला गमछा बांधलेला, डोळे तांबडे, हाटपिपल्याहून बसनं आलेला. नाव उमाशंकर. चपला बघून तो भारावून गेला असावा. “बहोत भीड़ है काकीजी,” तो अक्काला म्हणाला. “अच्छी डॉक्टर है?”

“जर्मनी में नौ साल,” अक्का म्हणाली. खोटं तिनं काहीच सांगितलं नाही. मग गर्दी खरी वाटावी म्हणून त्याच्या हातात आठ नंबरची चिठ्ठी दिली.

इथे सगळं अडकलं. ठरलं असं होतं की खरा पेशंट आला की बाकीच्यांनी ‘आम्हाला घाई नाही’ म्हणून त्याला पुढे सोडायचं. बायका तयार होत्या. पण एक नंबर आत गेल्याशिवाय दोन नंबर हलणार कसा? आणि एक नंबर बाहेरच्या खुर्चीत हात काठीवर ठेवून बसला होता. अक्कानं खुणावलं. उदाजीरावांनी नजर भिंतीवर लावली. एक वहिनी हळूच म्हणाल्या, “दादासाहेब, त्या बिचाऱ्याला जाऊ द्या की.”

“आमच्या आधी?” उदाजीराव म्हणाले.

वीस मिनिटं गेली. उमाशंकर कण्हायला लागला. शेवटी तो उठला. “भिया, म्हारी तो एक बजे बस है. सामने किसी और को दिखा देता हूँ.”

मी दार उघडून बाहेर आले. माझं डोकं फिरलं होतं. “काका, तुम्हाला काही झालेलं नाहीये! त्यांना आत येऊ द्या.”

“पहिला मान आमचा आहे, डॉक्टरबाई.” ते उठले, काठी टेकत माझ्या बाजूनं आत गेले आणि निळ्या खुर्चीत आडवे झाले. “भिया, पाँच मिनट,” त्यांनी उमाशंकरला सांगितलं. “यहीं खड़े रहो. देखो.”

तो खरंच दारात उभा राहिला. त्याच्या मागून सहा बायकांची तोंडं. मनातल्या मनात मी उदाजीरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एकुलता एक पेशंट जाणार होता, शुक्रवारी मेल जाणार होती आणि कारण काय, तर पहिला विडा. दाखवायचं म्हणून मी दिवा ओढला आणि म्हटलं, “आ करा.”

खालच्या डाव्या बाजूचा दात मुळापासून हलत होता. हिरडी लालभडक, बाजूला पू. हा माणूस किती दिवस नुसत्या भातावर जगत होता कोण जाणे.

“काका, हा काढावा लागेल.”

“मग काढा.”

शुगर विचारली, बीपी घेतलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या नाहीत याची खात्री केली. इंजेक्शन दिलं. जागा बधिर झाली. पक्कड हातात घेतली आणि परत ट्रेमध्ये ठेवली. पुन्हा उचलली आणि नुसती धरून राहिले. उदाजीरावांनी पाहिलंच होतं.

मी खाली वाकले, दारापर्यंत ऐकू जाऊ नये म्हणून. “काका, नऊ वर्षं मी काहीच केलं नाहीये. नुसती नळी धरली. तुम्ही उठा.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. जीभ जड झाली होती, तरी शब्द नीट होते. “अक्कानं सांगितलं. रोज दुपारी तू प्लॅस्टरच्या जबड्याला पक्कड लावतेस आणि तशीच बसून राहतेस.”

मी दाराकडे पाहिलं; बायकांच्या मागे अक्का चिठ्ठ्या मोजत होती.

“लोकांना वाटतं, पहिला मान म्हणजे आधी विडा खायचा,” ते म्हणाले. “पोरी, ज्यानं पहिला विडा उचलला त्यानं लढाईत पुढं उभं राहायचं. पहिला घाव त्याच्यावर. तुझा पहिला हात त्या गरीब माणसावर पडायचा होता काय?” मग डोळे मिटले. “आमचे उरलेत सातच. चुकून शेजारचा निघाला तरी आम्ही ओरडणार नाही.”

माझे डोळे भरून आले आणि मास्क ओला झाला. ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी दात धरला. बोटांना आठवलं, मला नाही. आत दाब, बाहेर, थोडं फिरवून, परत. दात ट्रेमध्ये टण्णकन पडला आणि दारातल्या एका बाईनं “गजानना” म्हणून हात जोडले. शेजारचा जागेवर होता. मी दोनदा पाहिलं.

उदाजीराव कापूस चावत उठले, सदरा सारखा केला आणि दाराशी जाऊन उभे राहिले. दोन ते सात नंबरच्या बायकांना एकाएकी घरची कामं आठवली.

उमाशंकर खुर्चीत बसला. गमछा सोडता सोडता त्यानं विचारलं, “मैडम, दाँत कब से निकाल रहे हो?”

अक्कानं बाहेरून खोकून खुणावलं. जर्मनी म्हण, असा तो खोकला होता.

“आज से,” मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून दारातल्या उदाजीरावांकडे पाहिलं. त्यांच्या ओठांच्या कडेला रक्त होतं आणि तोंड घट्ट मिटलेलं. त्यांनी एकदा मान डोलावली.

उमाशंकरनं तोंड उघडलं.