आजीचा उजवा हात

त्या घरात रिकामं बसलेलं माणूस म्हणजे एक तर आजारी, नाही तर पाहुणा. तिसरा प्रकार कुणाला माहीत नव्हता. ही रीत आजीनंच घालून दिली, असं सगळे मानत.

मामा आपल्या आईच्या गोष्टी सांगायला लागला की त्याची छाती फुगायची. सातव्या वर्षी बापानं तिला गाईखाली बसवलं. आठ भावंडांतली तिसरी, पण मूठ अशी की थोरलीला जे महिनाभर जमलं नाही ते हिला पहिल्याच दिवशी जमलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ही सासरच्या गोठ्यात हजर. आणि मामाच्या जन्माच्या दिवशी तर चारही गाईंची धार काढून, चरव्या झाकून, मगच म्हणाली, "आता सुईणीला बोलवा." ही गोष्ट मामा अशी सांगे, जणू तो स्वतः दारात उभा राहून बघत होता. "आईला गाईंचं वेडच," असं म्हणून तो थांबायचा. ऐकणारे हसायचे. आजीही हसायची.

सगळ्यांत जास्त हसायची ती नात. ही नात शहरातल्या इस्पितळात नर्स, म्हणून घरात तिला सगळे सिस्टर म्हणत. आजी म्हणायची तेव्हा त्यात थोडी चेष्टाही असायची.

दोन महिन्यांपूर्वी आजीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मामानं तिला गावाहून लेकीकडे, म्हणजे सिस्टरच्या घरी, आणून ठेवलं. पाय पंधरा दिवसांत सुधारला, जीभ वळायला लागली, हात मात्र मांडीवर पडून राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला आणि बजावलं, तीन महिन्यांत बोटं हलली तर हलली, पुढे फारशी आशा धरू नका. आजी चेंडूकडे नुसती बघायची. चेंडू घरंगळत पलंगाखाली जायचा आणि त्याच्या मागोमाग सिस्टर. दिवसातून वीस वेळा.

तिकडून मामाचा रोज फोन. "हाताचं काय? मामी बसते गं धारेला, पण गाई लाथा झाडतात. आईशिवाय पान्हाच सोडत नाहीत. तीही तिकडे झुरत असेल बघ." सिस्टरलाही तसंच वाटायचं. जन्मभर राबलेलं माणूस हाताविना जगणार कसं, याचाच ती विचार करायची.

शेवटी तिनं डोकं लढवलं. इस्पितळातून रबरी हातमोजा आणला, त्यात कोमट पाणी भरलं, एका बोटाला सुईनं भोक पाडलं आणि मोजा खिडकीच्या गजाला टांगला. खाली बादली.

"घे आजी, तुझी गाय."

आजी हसून हसून लाल झाली. "पाच आचळांची गाय! जन्मात पाहिली नव्हती."

सिस्टरनं तिचा उजवा हात उचलून मोज्याला लावला. क्षणभर वाटलं, बोटं वळताहेत. मग हात सुटून खाली पडला आणि आजीचं हसू थांबलं.

"काढून टाक ते."

"अगं, पुन्हा एकदा..."

"काढ म्हणते ना!"

आजीचा असा आवाज सिस्टरनं कधी ऐकला नव्हता. म्हातारीच्या जखमेवर आपण मीठ चोळलं, असं वाटून ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

गुरुवारी तिची ड्यूटी दुपारीच सुटली. घरात आजी एकटी होती. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आजी खिडकीपाशी बसून समोरच्या मैदानातली मुलं बघत होती, आणि तिच्या उजव्या हातात चहाचा कप होता. चांगला घट्ट, मुठीत धरलेला.

सिस्टर आनंदानं ओरडणारच होती. तेवढ्यात आजीला चाहूल लागली. तिनं झटक्यात कप डावीकडे घेतला आणि उजवा हात मांडीवर निपचित ठेवून दिला.

"कधीपासून?"

"झाले वीस-बावीस दिवस," आजी खाली मान घालून म्हणाली.

"आणि मी रोज पलंगाखाली शिरतेय!"

"हो. काखेत कळसा," आजी म्हणाली. ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले.

सिस्टर तिच्या पायाशी बसली.

"मूठ चांगली म्हणून नाही गं बसवलं मला," आजी म्हणाली. "थोरली लाथेला भिऊन रडायची. मी रडले नाही, एवढंच. जे रडत नाही त्याच्याच गळ्यात काम पडतं."

"तुला गाई आवडत नाहीत?"

"गाई बिचाऱ्या काय वाईट? पण आज उठवत नाही का, असं मला कुणी कधी विचारलं? मामाच्या वेळी कळा दुपारीच सुरू झाल्या होत्या. बोलले असते तर धारेला कोण बसणार होतं? म्हणून दात आवळून धार काढली. तो सांगतो, तुम्ही हसता. मीही हसते."

त्या गोष्टीला सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली होती.

"मग सांग ना मामाला. नाही करणार म्हणावं."

"जन्मात नाही म्हटलं नाही, आता कुठून म्हणू? हात आपणहून नाही म्हणाला. म्हटलं, राहू दे, तोच म्हणू दे. मला नुसतं बसायचंय गं. चहा गरम असताना प्यायचाय."

रविवारी मामा आजीला न्यायला गाडी घेऊन आला. आल्या आल्या आईपुढे बसला आणि आपली दोन बोटं तिच्या उजव्या तळव्यात ठेवली.

"आई, दाब."

हात हलला नाही. आजीनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, फक्त सिस्टरकडे एकदा पाहिलं.

"सिस्टर, तू सांग," मामा म्हणाला. "तुला कळतं यातलं."

सिस्टर कामात आजवर कधी खोटं बोलली नव्हती. "नाही मामा. हा हात आता कामाचा नाही."

मामाचा चेहरा पडला. एवढा थोराड माणूस, तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडायला लागला. "गाईंचं जाऊ दे," तो म्हणत होता, "पण तुझ्या हाताचं असं व्हावं! कुणाचं काय वाईट केलं होतं या हातानं?"

लेकरू रडतंय म्हटल्यावर आजीला राहवलं नाही. हात आपोआप उठला. उजवा. पाचही बोटं मामाच्या केसांतून फिरली, त्याच्या कानामागे गेली, लहानपणी जायची तशी.

मामाचं रडणं थांबलं. आजीच्याही लक्षात आलं आणि हात तिथेच थबकला.

मामानं डोकं उचललं. मग त्यानं हळूच आईचा हात धरला, तिच्या मांडीवर परत ठेवला आणि वरून आपला तळवा ठेवून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. आजीनं नजर चुकवली नाही.

खिशातून फोन काढून त्यानं मामीला लावला.

"नाही, आई येत नाही," तो म्हणाला. "तिचा हात गेलाय. उद्यापासून धार मी काढतो."