लूपेच्या नावावरचा डाग

मित्रांनो, टपालपेटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चौकातली लाल पेटी येते. मी ती नव्हे. मी घराच्या फाटकाशी एका पायावर उभी असते आणि घरच्यांची पत्रं पोटात सांभाळते. ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरा गावात, मरे नदीपासून हाकेच्या अंतरावर माझा मुक्काम आहे. आता मी जुनी झाले, गंजले. तरी माझं ऐकून घ्या, कारण या घडीला माझ्या पोटात एक पत्र आहे आणि माझा जीव नुसता टांगणीला लागला आहे.

माझा जन्म दुधाच्या एका पोचे पडलेल्या कॅनपासून झाला. फेलेती हा टोंगा बेटांवरचा माणूस इथे द्राक्षांच्या मळ्यात कामाला होता आणि या घरात भाड्याने राहत होता. त्याने कॅन आडवा केला, झाकणाला बिजागरी लावली, वर निळा रंग दिला. त्याची लेक लूपे तेव्हा शाळेत होती. तिने माझ्या अंगावर पांढरं कबूतर रंगवलं. लूपे म्हणजे त्यांच्या भाषेत कबूतरच! पोस्टमन सायकल थांबवून म्हणायचा, "अख्ख्या रस्त्यात देखणी पेटी ही एकच." काय सांगू, मी तेव्हा नुसती तोऱ्यात असे. टोंगाहून आजीची पत्रं यायची, लग्नांचे फोटो यायचे, आणि लूपे अनवाणी धावत येऊन माझं झाकण उघडायची.

मग सगळ्यांच्या हातात फोन आले. आजीही फोनवरच बोलू लागली. माझ्या वाट्याला राहिल्या दुकानांच्या जाहिराती, आणि त्या काढायला कोण येणार? रंग उडाला, तळाला गंजून भोक पडलं. त्या भोकातून गोगलगायी आत शिरल्या. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात; माझ्या तर पोटातच गोगलगायी! त्यांना कागद फार आवडतो हो. भिजलेला असला तर विचारूच नका.

अशा दिवसांत लूपेचा चुलतभाऊ सेमिसी फाटकाशी उभा राहून तिला गळ घालत होता. "तुझ्या नावावर हप्त्याने फोन घे ना, लूपे. मला कोण देतंय? पैसे मी भरीन, देवाशप्पथ!"

"मागच्या वेळची देवाशप्पथ अजून फिटायची आहे तुझी," लूपे म्हणाली.

आतून तिची आई मेलेआने ओरडली, "अगं पोरी, भाऊ आहे तुझा!"

झालं. त्या लोकांत चुलत-सख्खं असा भेद नसतो आणि भावाला नाही म्हणायची रीत नसते. लूपेने फोन घेऊन दिला. सेमिसी तो घेऊन फळतोडणीला क्वीन्सलँडला गेला. काही महिने त्याने पैसे भरले, मग थांबला. लूपेच्या मनात शंका यायची. पण बहिणीने भावाला पैशावरून टोकायचं म्हणजे मर्यादा सोडायची, म्हणून ती गप्प राहिली.

एके दिवशी फोन कंपनीची नोटीस माझ्या पोटात पडली. "पैसे भरा, नाहीतर पुढची कारवाई." मी काय करणार? मला ना गळा, ना हात. वारा आला की झाकण खडखडतं, एवढाच माझा आवाज. मी खूप खडखडले. फेलेती म्हणाला, "या पेटीला तेल द्यायला पाहिजे," आणि विसरून गेला. गोगलगायींनी आठवडाभरात नोटीस फस्त केली.

पुढे घरमालक घर विकायला निघाला. भला माणूस. तो फेलेतीला म्हणाला, "आधी तुमचा हक्क. नाताळपर्यंत थांबतो." लूपे आता बदामाच्या कारखान्यात हिशेब बघत होती. तिने साठवलेलं होतं, कर्ज मिळालं की घर त्यांचंच. त्या दिवसांत मात्र ती रोज माझं झाकण उघडायची. मला जुने दिवस आठवायचे.

बँकेचं पत्र आलं. लूपेने ते माझ्यापाशीच फोडलं. कर्ज नामंजूर! तिने स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट मागवला, म्हणजे माणूस देणी वेळेवर देतो की नाही याची नोंद. त्यात त्या फोनच्या थकबाकीचा डाग होता. तिने त्याच दिवशी सगळे पैसे भरून टाकले. डाग गेला नाही. समोर फक्त "फेडले" असं आलं. पाच वर्षं तो तसाच राहणार होता.

फोनवर एक गोडबोल्या भेटला. हजार डॉलर द्या, डाग धुऊन देतो, म्हणाला. फेलेतीने पाकीट काढलंही होतं. तेवढ्यात जॅनिन आली. गावात पैशाच्या अडचणीत फुकट सल्ला देणारी, तोंडाने फटकळ बाई.

"एक दमडी द्यायची नाही!" ती फाटकातूनच म्हणाली. "खरा डाग कुणाच्या बापाला पुसता येत नाही. आणि चुकीचा असेल, तर पुसून घ्यायला पैसे लागत नाहीत. आता मला सांग लूपे, डाग लावण्याआधी दोन नोटिसा पाठवायचा नियम आहे. दोन्ही आल्या होत्या?"

लूपेने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "एकही बघितली नाही. ही पेटी बोलली असती तर!"

मित्रांनो, मला ठाऊक होतं! पहिली आली होती. दुसरी कधी आलीच नव्हती. साऱ्या जगात ते मला एकटीला ठाऊक होतं आणि मी पत्र्याची मुकी. तेव्हा वाराही पडलेला होता.

जॅनिनने सांगितलं तसं लूपेने कंपनीला लिहिलं, दुसरी नोटीस पाठवल्याचा पुरावा दाखवा, नाहीतर डाग काढा. उत्तर आलं, तपास चालू आहे. पुन्हा लिहिलं. तपास चालूच. नाताळ आला नि गेला. मालक हळहळला, पण त्यालाही अडचण होती. त्याने घर दुसऱ्याला विकलं.

शेवटच्या रविवारी चर्चहून आल्यावर सामान गाडीत चढलं. मेलेआनेने कुणाकडे न बघता रडून घेतलं. फेलेती पाना घेऊन माझ्यापाशी आला. "हिला घेऊन जाऊ. माझ्या हातची आहे."

"राहू दे, बाबा," लूपे म्हणाली. "हिच्या तोंडातून एक चांगली बातमी आली नाही."

फेलेतीने पाना खिशात घातला. गाडी शेपर्टनच्या रस्त्याला लागली, तिथे लूपेचा मामा राहतो. त्या कंपनीचा राग म्हणून लूपेने आपला फोन नंबरही बदलून टाकला. गडबडीत नवा पत्ता मात्र कंपनीला कळवायचा राहिला.

आणि आज सकाळी पोस्टमनने हे पत्र टाकलं. पाकिटाच्या खिडकीत लूपेचं नाव आहे, आणि आत लिहिलं आहे की दुसरी नोटीस पाठवल्याचा पुरावा सापडला नाही, डाग काढून टाकला आहे, झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. तिचं नाव आता कोरं करकरीत आहे आणि तिला ते माहीतच नाही! नव्या मालकाने मला एकदाही उघडलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या दाराशी जी पेटी असेल, ती अधूनमधून उघडत जा. घर बदललंत तर पत्ता कळवा. आपल्या नावापुढे लोकांनी काय लिहून ठेवलंय, ते मागवून वाचा. आणि माझ्या रस्त्याने कुणी येणार असाल, तर जरा लवकर या. पहाटे दव पडलं होतं, पाकिटाचा कोपरा ओला आहे, आणि तळाच्या भोकातून एक गोगलगाय आत येते आहे.