पाडसाचं नाक

बुधवारी सकाळी आठ वाजता इस्पितळाच्या आवारातल्या ब्राँझच्या मूस हरणाच्या मादीवरची ताडपत्री काढण्यात आली. मादी आणि तिला बिलगलेलं पाडस, दोघंही कानापासून खुरापर्यंत एकसारखी तपकिरी झाली होती. आउने लेहतोलाने चार पावलं मागे सरकून पाहिलं. ओतशाळेतून आणलं त्या दिवशी शिल्प असंच होतं.

मधल्या तीस वर्षांत सुपीरियर सरोवरावरचा वारा आणि वाटेवरच्या बर्फावर पसरतात ते मीठ, दोघांनी मिळून त्याच्यावर हिरवे ओघळ आणले होते. पाडसाचं नाक तेवढं पिवळंधमक. डागडुजीला इस्पितळाने मूळ शिल्पकार म्हणून आउनेलाच बोलावलं. नाकालाही रंग चढवणार का, असं मर्ल नावाच्या नर्सने जाता जाता विचारलं होतं. अर्धवट काम मी करत नाही, असं आउनेने तिला सांगितलं, आणि नाक तापवून त्याच्यावरही रसायन फिरवलं, वर मेण घासलं.

नऊच्या सुमाराला वॉल्टर तार्नोव्स्की आला. बंदरावरच्या धान्यकोठारांत उभा जन्म काढलेला माणूस; बायको हेलेन चौथ्या मजल्यावर. वर जाण्याआधी पाडसाच्या नाकाला हात लावायचा, ही इथल्या नातेवाइकांची रीत. हाडं गोठवणाऱ्या थंडीतही हातमोजा काढून लावायचा. मोजा घालून लावलेला धरत नाहीत. वॉल्टरने मोजा काढला, हात पुढे केला आणि तसाच थांबला.

"कोणी केलं हे?"

"मी. शिल्पही माझंच आहे."

"मग तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं."

आउने गडबडली. पाच मिनिटं द्या, घासून होतं तसं पिवळं करून देते, असं म्हणत ती पेटीतून फडकं काढू लागली.

"राहू द्या, बाई. तुमच्या फडक्याने उजळलेलं नाक मला काय कामाचं? तिच्या आईच्या आजारपणात हेलेन रोज हात लावायची इथं. तिचा हात त्यात होता."

त्याने मोजा चढवला आणि तो आत गेला.

"तरी मी विचारलं होतं हं," दाराशी उभी असलेली मर्ल म्हणाली. "काम मात्र अर्धवट नाही झालं."

आउने दुपारपर्यंत समोरच्या बाकावर बसून राहिली. ज्याला ती इतकी वर्षं झीज समजत होती, ते पुसून टाकायला तिला एक सकाळही लागली नव्हती. दोन बायका मोजे काढून घुटमळल्या आणि तशाच गेल्या. एका चिमुरडीने पाडसाचा कान धरला. कान नव्हे गं, नाक, असं तिच्या आजीने सांगितलं. पण नाक कुठलं, ते आजीलाही क्षणभर शोधावं लागलं.

शुक्रवारी हेलेनची दुसरी शस्त्रक्रिया झाली. ती अजून शुद्धीवर आलेली नाही. वॉल्टर हल्ली मागच्या, सामानाच्या दाराने ये-जा करतो, असं मर्लने सोमवारी फोनवर सांगितलं.