चार इंची दुर्बीण

“अहो, तिला हात लावू नका,” कांता म्हणाली.

सीतारामने हात मागे घेतला. “बघायलाही बंदी का आता?”

“बघा. उचलू नका.”

मानपाड्यातल्या दुर्बिणींच्या दुकानाच्या गच्चीवर दोन दुर्बिणी शेजारीशेजारी उभ्या होत्या. एक चार इंची भिंगाची, लांबलचक. दुसरी आखूड, थर्मासएवढी. दुकानवाल्या स्वप्नाने दोन्ही दूरच्या विजेच्या टॉवरवर लावून दिल्या होत्या. तिथे चिनीमातीच्या वाटीवर उन्हाची एक ठिणगी चमकत होती. दिवसा भिंग पारखायला ताऱ्याच्या जागी तीच चालते. भिंग हलक्या प्रतीचं असेल तर ठिणगीला जांभळी कड येते.

कांता कळव्याची, निवृत्त नर्स. आकाशाचे फोटो काढायचा नाद तिचा, ओझं नवऱ्याचं. ताऱ्यांबरोबर फिरणारा मोटरचा स्टँड खांद्यावर घेऊन सीताराम मुरबाडच्या माळावर चढायचा आणि चटईवर घोरत पडायचा. पुढेमागे चार इंची घ्यायची, हे दोघांचं ठरलेलं. मग या उन्हाळ्यात त्याचं हृदय दमलं. डॉक्टरांनी ओझं बंद केलं. उरलेलं कांताला बाजूला घेऊन सांगितलं. ते तिने त्याला सांगितलं नव्हतं.

तिने चार इंचीला डोळा लावला. कड स्वच्छ होती. मग दुर्बीण हळूच डोंगराकडे वळवली. ताऱ्यांच्या दुर्बिणीत सगळंच उलटं दिसतं, तसा मलंगगड उलटा दिसला. आभाळातून खाली लोंबणारा, निळा, फुंकर मारली तर हलेल इतका जवळ. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.

“काकू, बेस्ट आहे ही,” स्वप्ना म्हणाली. “पण हिला हेवी स्टँड लागेल हां. उचलायला दोघं पाहिजेत.”

“दोघं आहोत की,” सीताराम म्हणाला. “हमाल रजेवर आहे, एवढंच. दिवाळीनंतर हजर.”

स्वप्ना हसली. कांताने डोळा काढला.

“मला छोटी हवी.”

“अगं, इतकी वर्षं चार इंची, चार इंची करून डोकं खाल्लंस माझं!”

“देवयानी दीर्घिका मावत नाही हिच्यात. बाजू कापल्या जातात. छोटीत अख्खी येते.”

ते खरंच होतं. पण तिला ज्या लहान, अंधुक दीर्घिकांचा ध्यास होता, त्या छोटीत नुसत्या ठिपक्याएवढ्या येणार, हे सीतारामलाही ठाऊक होतं. ओझ्याबरोबर तिची बडबडही त्यानेच वाहिली होती.

“आणि काका, हिला छोटा स्टँड चालतो,” स्वप्ना म्हणाली. “सगळं एका सॅकमध्ये बसतं. काकू एकट्या पण नेऊ शकतात.”

खाली रिक्षांचे हॉर्न वाजत राहिले. सीताराम मोठ्या दुर्बिणीकडे बघत होता.

“भर ती सॅक,” तो म्हणाला. “रिकामी नको, सगळं घालून दे.”

भरलेली सॅक कांताच्या पाठीवर चढली आणि कमरेखाली लोंबली. पट्टे कुणा उंच माणसाच्या मापाचे होते. सीताराम तिच्या मागे गेला. एक पट्टा ओढला, मग दुसरा.

“काचतंय?”

“नाही.”

“चालून दाखव.”

ती गच्चीच्या टोकापर्यंत गेली, वळून परत आली. तो बारकाईने बघत होता. तिचा डावा खांदा किंचित खाली जात होता.

“थांब,” तो म्हणाला, आणि डावा पट्टा आणखी बोटभर आवळला.