चिंचेच्या पाण्यातली तलवार

‘खांडा उना वं मांडवमा, नवरदेव कोठे ऱ्हायना?’

बायकांच्या घोळक्यातला तो आवाज तीस वर्षांनी प्रमिलाबाईंच्या कानाशी पुन्हा आला. तेव्हा मांडवभर हसू फुटलं होतं. नवऱ्याला फौजेतून रजा मिळाली नाही, असं कळलं होतं. त्याच्या जागी खांडा, म्हणजे तलवार आली होती, मुठीला फेटा बांधलेली. “नशीबवान शे पोर, हाऊ नवरा भांडाव नही!” कुणीतरी म्हणालं होतं, आणि सोळा वर्षांची प्रमिला तलवारीमागून फेरे चालली होती.

तोच नवरा, पेन्शनीतले अभिमनआबा गिरासे, आता ओट्यावर दुसरी तलवार घासत बसला होता. घरची जुनी वाटणीत भावकीकडे गेली. ही गेल्या बाजाराला आणलेली, धुळ्यात स्वेटर विकणाऱ्या तिबेटी म्हाताऱ्याकडून. त्याच्या मुलखातल्या लोहारानं हातानं घडवलेली. सरळ पातं, तिरकं टोक, मुठीवर चांदीचा पत्रा. सुकदेव, त्यांचा मुलगा, आसामात पलटणीत. रजा नाही, अशी त्याची तार आली होती. मुहूर्त मोडायचा नाही म्हणून रविवारी पाचोऱ्याच्या मांडवात त्याच्या जागी ही तलवार उभी राहणार होती, आणि कला नावाची एक मुलगी तिच्यामागून चालणार होती.

घासलेटनं गंज सुटला, तशा खालून रेघा निघाल्या. पातंभर लांब, एक उजळ, एक काळसर. टोकाशी नांगराच्या तासासारख्या वळून परत येणाऱ्या.

“डाग शेतस,” आबा म्हणाले.

“डाग नहीत. घडनच तशी व्हई.”

“तुले काय समजस तलवारमधलं?”

“माले नही समजाव? मनं तर लगीनच तलवारसंगे व्हयनं.”

आबा हसले नाहीत. त्यांनी काचपेपर लावला. रेघा फिकट झाल्या. मग चिंचेच्या कोळानं पुसलं, तर त्या आणखी गडद होऊन वर आल्या. पुन्हा काचपेपर, पुन्हा चिंच. तिसऱ्यांदा त्यांनी चिंचेचा रिकामा वाडगा पुढे केला, तो प्रमिलाबाईंनी घेतला नाही.

चार दिवसांपूर्वी विहिरीवर शेजारचा वना भेटला होता. सुकदेवच्याच पलटणीतला, सुटीवर आलेला. तो जे बोलला ते प्रमिलाबाई चार दिवस पदरात निखारा वागवावा तसं वागवत होत्या.

“सुकदेवले रजा मंजूर व्हती,” त्या म्हणाल्या. “त्यानीच नही लिधी. त्याले हाई लगीन करनंच नही.”

काचपेपर थांबला नाही.

“कोन म्हने?”

“वना.”

“त्याले काय ठाऊक? तारमा साफ लिखेल शे.” आबांनी पात्यावर फुंकर मारली. “पोरीना बापले मी शब्द देल शे. एकदाव लगीन व्हयनं का बठ्ठं जागावर येस. आपलं नही उनं का?”

प्रमिलाबाई उठल्या. आबांच्या मांडीवरून तलवार उचलली, आत नेऊन धान्याच्या कोठीमागे उभी केली आणि हात पुसत ओट्यावर परत आल्या.

“आन ती इकडे,” आबा म्हणाले.

“तुम्हले बी रजा व्हती,” त्या म्हणाल्या. “एकवीस दिवसनी. कोट धवाले काढा तवय खिसामा कागद सापडना. आपला लगीननी तारीख त्या दिवसमाच व्हती.”