दोन भावांच्या गाडीचा पट्टा

मित्रांनो, कोलशेतच्या खाडीकडे उतरताना वळणावर एक पांढरी, दारांना गंज चढलेली मोटार उभी दिसते ना, ती मी. माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पहिली काही वर्षे मी डोंबिवलीच्या एका रंगाच्या कंपनीत साहेबांची ने-आण केली. तेव्हा मला रोज पुसायचे, माझ्या काचेवर बोटाचा ठसा उमटलेला चालायचा नाही. माझी चाके फार फिरली, मग कंपनीने मला विकायला काढले आणि दामाजी कोळ्यांनी मला घरी आणले.

दामाजींनी माझ्या टपावर कोलंबीच्या पाट्या बांधल्या. बर्फाचे पाणी माझ्या पाठीवरून गळायचे, आत माशांचा वास भरून राहायचा. पण गावात लग्न असो की बाळंतपण, हाक मलाच यायची. नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला दामाजी गेले आणि माझे दिवस फिरले.

त्यांना दोन मुलगे होते. थोरल्या परशुरामला बापाची होडी चालू ठेवायची होती. धाकटा मोरू म्हणायचा, खाडीत कारखान्यांचे पाणी येते, मासा राहिला नाही, होडी विकून टाकू. एका संध्याकाळी शब्दाने शब्द वाढला. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. घराची वाटणी झाली. मी मात्र एकच होते, म्हणून मला आळीपाळीने वापरायचे ठरले. एक आठवडा परशुरामचा, एक मोरूचा.

मधे राहिली त्यांची आई, आवडाबाई. एकाचा निरोप दुसऱ्याला तीच पोचवायची. "त्या दीडशहाण्याला सांग," असे निघालेले वाक्य पलीकडे जाईपर्यंत "दादानं इचारलंय" असे होऊन जायचे. सगळी कुसळे ती स्वतःजवळ ठेवायची.

एकदा मोरूने मला नौपाड्यात सहदेव मिस्त्रींच्या गॅरेजात नेले. मिस्त्रींनी बॉनेट उघडून बाजूचे झाकण सैल केले, आत टॉर्च मारला आणि म्हणाले, "मोरू, टायमिंगचा पट्टा बदलायला झालाय. रबर बघ, चिरा पडल्यात."

"पण गाडी तर मस्त पळतेय!"

"पळणारच. हा तुटायच्या आधी ओरडत नाही रे. इंजिनाचं वरचं आणि खालचं, दोन्ही याच्याच तालावर फिरतं. हा तुटला की गाडी जागच्या जागी बसली. पट्टा मागवून ठेवतो, पुढच्या आठवड्यात घेऊन ये."

पुढचा आठवडा परशुरामचा होता. मोरूने आईला सांगितले, आईने थोरल्याला सांगितले, आणि परशुराम मला घेऊन खरोखर गेलाही. पण गॅरेजला कुलूप होते. मिस्त्री जत्रेला गावी गेले होते. परत येताना आवडाबाई मागे बसली होती. परशुराम तिला चिडून म्हणाला, "सांग तुझ्या लाडक्याला, गॅरेज बंद होता. मी काय त्याचा नोकर नाय. आता त्याच्या आठवड्याच्या पालीला त्यानंच न्यावी."

आवडाबाईने पदराने तोंड पुसले. मग ती बाहेर पाहत बसली. घरी गेल्यावर हा निरोप तिने मोरूला दिलाच नाही. पुन्हा आग लागायला नको, एवढेच तिच्या मनात असणार. मला सारे ठाऊक होते, मित्रांनो. पण मला हॉर्न आहे, वाचा नाही.

उन्हाळ्यातली ती दुपार होती. सुकटीचे वाळवण उलटताना आवडाबाई छाती धरून खाली बसली. परशुरामने तिला उचलून माझ्यात ठेवले. मोरू अनवाणी धावत आला आणि आईचे डोके मांडीवर घेऊन मागे बसला. परशुरामने मला सुरू केले. आईने डोळे किलकिले केले. "दोघंव आलाव ना रं?" तिने विचारले.

"हाव आये," दोघेही म्हणाले.

घोडबंदर रोडला लागायच्या आधीच्या चढावर माझ्या पोटात खट् झाले. फार मोठा आवाज नव्हता. इंजिन बंद पडले. परशुराम किल्ली फिरवत राहिला, सेल्फ नुसताच हलका फिरत राहिला. मग तो उतरला आणि मला ढकलू लागला. चढ होता. मी तसूभरही पुढे सरकले नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. बऱ्याच वेळाने विटांचा एक टेम्पो आला. दोघांनी आईला त्यात चढवले. तोवर तिचा हात थंड पडला होता. इस्पितळाच्या दारात डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

दिवसकार्य झाल्यावर मला ओढून गॅरेजात नेण्यात आले. दोघे भाऊ दोन कोपऱ्यांत उभे होते. सहदेव मिस्त्रींनी झाकण काढले. पट्ट्याचे दोन तुकडे बाहेर आले. आतले वॉल्व्ह वाकले होते.

"मी सांगितलेलं ना, मोरू?" मिस्त्री हळूच म्हणाले.

मोरू पहिल्यांदा भावाकडे वळला. "मना वाटला तू बदली केलास."

"गॅरेज बंद होता. मी आयेला बोललो, तुला सांग म्हणून."

"आये मना कायच बोलली नाय."

आईला दोष कोण देणार? परशुराम खाली बसला आणि हातांत तोंड लपवून रडला. मोरू दाराची चौकट धरून उभा राहिला.

मिस्त्रींनी माझे इंजिन खोलले, वॉल्व्ह बदलले, खुणेला खूण जुळवून नवा पट्टा चढवला. मी सुरू झाले. आवाज इतका साफ होता की माझी मलाच लाज वाटली. किल्ली घ्यायला कोणीच हात पुढे करेना. शेवटी परशुराम चालवायला बसला, मोरू त्याच्या शेजारी.

कापूरबावडी मागे गेल्यावर परशुरामने विचारले, "आता तुला काय सांगायचा झाला तर निरोप कोनाकरं देऊ?"

मोरूने मान वळवून भावाकडे पाहिले. मग म्हणाला, "मनाच सांग, दादा."

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्या, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते. झिजलेली वस्तू चालते आहे म्हणून चालू देऊ नका. पण मी आणखी एक मागते. जी वस्तू दोघांची असते, तिचे काम दुसऱ्याने केले असेल असे दोघांनाही वाटते. म्हणून उठा, त्या दुसऱ्याच्या दारात जा, भांडण असले तरी जा, आणि तोंडाने विचारा, "झालं का रे ते काम?"